घरातला खोकला लपवू नका

आज रात्री दिवे मालवल्यावर जरा कान द्या. तुमच्या घरात कोण खोकतंय?

माजघरातली आजी? दुसऱ्या पाळीवरून परतलेला भाऊ? की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसणारी कॉलेजातली मुलगी? किती दिवस झाले त्या खोकल्याला? एखादा सण, एखादं लग्न, पगाराचा दिवस, काहीतरी खूण आठवा आणि मोजा. दोन आठवडे उलटले असतील, तर हे आवाहन तुम्हालाच आहे. वाचा, आणि वाचून झाल्यावर गप्प बसू नका.

विषय टीबीचा आहे. क्षय म्हणा, राजयक्ष्मा म्हणा. जगात टीबी झालेल्या दर चार माणसांमागे एक आपल्या देशातला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला आणि तीन लाखांहून अधिक दगावले. म्हणजे दर दोन मिनिटांना किमान एक जीव. आणि हा असा आजार, ज्यावर औषध आहे. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. साध्या टीबीत सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या, तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. मग इतकी माणसं जातात कशी?

अर्धपोटी राहणं, कोंदट खोल्या, मधुमेह, दारू, ही कारणं खरीच आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्या-माझ्या डोक्यात बसलेलं आहे. माणसं उशिरा येतात. वजन दहा किलो उतरल्यावर येतात. थुंकीत रक्त दिसल्यावर येतात. तोवर घरातल्या चार जणांनी त्याच खोलीतली हवा छातीत घेतलेली असते.

पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. सामान्य माणूस धोका कसा जोखतो, हा त्याचा विषय. आकडे पाहून आपण धोका मोजत नाही, असं त्यानं दाखवलं. जे नवं, अनोळखी, काळजाचा थरकाप उडवणारं असतं, ते आपल्याला अवाढव्य वाटतं. जे रोजचं, ओळखीचं असतं, ते जिवावर बेतणारं असलं तरी किरकोळ वाटतं. टीबीनं आपल्याला या दोन्ही बाजूंनी घेरलंय. खोकला ओळखीचा, म्हणून त्याची भीती वाटत नाही. ‘हवा बदललीय’, ‘धूळ फार आहे’, ‘फोडणीचा ठसका लागला’. आणि टीबी हे नाव मात्र काळजात धस्स करणारं, म्हणून ते तोंडातून काढायचीच भीती. खोकल्याला भीत नाही म्हणून दवाखान्यात जायचं नाही. नावाला भितो म्हणूनही जायचं नाही. दोन्हीकडून घरीच बसायचं.

तुम्ही हे उलटं करा. खोकल्याला भ्या, नावाला भिऊ नका.

विचारा. सगळ्यात आधी नुसतं विचारा. संध्याकाळी अंगात कसर असते का? रात्री घामानं पांघरूण भिजतं का? भूक मेली आहे का? ब्लाउज, पँट ढगळ होऊ लागलेत का? हे प्रश्न डॉक्टरच विचारू शकतात असं नाही. ताट वाढताना आई विचारू शकते. केस विंचरताना नात आजीला विचारू शकते. ‘मला कसा होईल टीबी, आपलं खाणंपिणं चांगलं आहे’ असं उत्तर आलं, तर त्यावर थांबू नका. वाईट ते दुसऱ्याच्या वाट्याला येईल, माझ्या नाही, असं माणसाला मनापासून वाटतं. नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारून हेच दाखवलं होतं. पण टीबीचे जंतू हवेतून येतात. बंगल्यातल्या माणसालाही श्वास घ्यावाच लागतो. अमिताभ बच्चन यांना २००० साली मणक्याचा टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेऊन ते बरे झाले आणि पुढे त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं.

आता तुमच्या हातातल्या फोनबद्दल बोलू या.

२०२०च्या सुरुवातीचे महिने आठवा. कोंबडी खाल्ली की करोना होतो, असा निरोप फोनाफोनी फिरला. महाराष्ट्रात चिकनची विक्री कोसळली, कुक्कुटपालन करणाऱ्यांचे पक्षी मातीमोल भावानं गेले. कोंबडीनं कुणाला काही झालं नव्हतं. पण तो निरोप नवा होता, भीतिदायक होता आणि ओळखीच्या माणसाकडून आला होता. त्याच वर्षी टीबीचं काय झालं? २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. आजार कमी झाला नव्हता. टाळेबंदी होती, दवाखान्यातली माणसं करोनाच्या कामाला जुंपली होती. आणि त्यात भर होती ती खोकल्याच्या लाजेची. रिक्षात खोकलात तर उतरवतील, सोसायटीत खोकलात तर तक्रार होईल. एका खोकल्याच्या भीतीनं दुसरा खोकला दडपला गेला. ते सहा लाख रुग्ण हवेत विरले नव्हते. ते कुठल्या ना कुठल्या घरात, कुणाच्या तरी शेजारी झोपत होते.

म्हणून म्हणते, निरोप पुढे ढकलण्यापूर्वी थांबा. त्यावर दोन बाणांची खूण आहे का बघा. तो अनेक हातांतून आलाय, पण एकाही हातानं तो तपासलेला नाही, असंच समजा. ‘टीबीच्या गोळ्यांनी लिव्हर खलास होतं’, ‘हा काढा एकवीस दिवस घ्या, गोळ्या बंद करा’, ‘अमक्या पानाचा रस’, असले निरोप मी माझ्या स्वतःच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाचलेत. पाठवणारे दुष्ट नव्हते. प्रेमाची माणसं होती. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो, आणि म्हणूनच त्यातून नुकसान होतं.

एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं, की ते खरं वाटू लागतं. १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना काही विधानं थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं वाचायला दिली. जी पुन्हा पुन्हा आली ती त्यांना अधिकाधिक खरी वाटत गेली, मग ती खोटी का असेनात. तुमच्या सकाळच्या ‘शुभ प्रभात’बरोबर रोज येणारा काढा असाच खरा होत जातो. २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सव्वा लाखांहून जास्त बातम्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खोटी बातमी खरीपेक्षा लांब आणि कितीतरी वेगानं पोचत होती. ती यंत्रांनी पळवली नव्हती. माणसांनी पळवली होती. तुमच्या-माझ्यासारख्या माणसांनी.

तुमच्या एका बोटात ती साखळी तोडायची ताकद आहे. वापरा. पाठवणाऱ्या काकांना चारचौघांत खिजवू नका, मान दुखावला की माणूस आपलंच खरं करतो. त्यांना वेगळा फोन लावा. म्हणा, ‘काका, गोळ्या मधे सोडल्या तर जिवावर बेतेल, तेवढा निरोप काढून टाका ना.’ लिव्हरचं म्हणाल, तर टीबीच्या गोळ्यांनी थोड्या लोकांना कावीळ, मळमळ असा त्रास होतो, हे खरं आहे. त्यावर उपाय आहे. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबत नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ते गोळ्या बदलून देतात. स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि गोळी सुरू झाल्यावर लघवी नारिंगी झाली, तर घाबरू नका. तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे, रक्त नाही. एवढी साधी गोष्ट कुणी न सांगितल्यामुळे माणसं पहिल्याच आठवड्यात गोळ्या फेकून देतात. हा निरोप हवा तर पाठवा. हा खरा आहे.

पण फोनपेक्षा जुनी, फोनपेक्षा खोल गेलेली एक गोष्ट आहे. लाज.

माझ्या एका मावशीचं ताट, वाटी, भांडं ती बरी झाल्यावरसुद्धा कित्येक वर्षं खिडकीत वेगळं ठेवलेलं असायचं. मी लहान होते. ते भांडं कुणाचं, असं कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. ती स्वतःच ते घासायची, स्वतःच तिथे नेऊन ठेवायची. मोठी झाल्यावर मला कळलं की टीबी ताट-वाटीतून पसरतच नाही. कपड्यांतून नाही, हात हातात घेतल्यानं नाही, बाळाला उचलून घेतल्यानंही नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, जोरात बोलतो तेव्हा हवेत उडणाऱ्या कणांतून तो पसरतो. हाडाचा, गाठींचा, पोटाचा टीबी तर सहसा दुसऱ्याला होतच नाही. आणि फुप्फुसाच्या टीबीतही योग्य औषध सुरू झालं, की साधारण दोन-तीन आठवड्यांत त्याची पसरायची ताकद खूप ओसरते. मावशीची ती सगळी वर्षं फुकट गेली. हे मी तिला सांगू शकले नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं ‘स्टिग्मा’ हे पुस्तक १९६३ साली आलं. त्या शब्दाचं मूळ त्यानं प्राचीन ग्रीकांकडे दाखवलं. गुलाम, गुन्हेगार, फितूर यांच्या अंगावर डागून किंवा कापून खूण करायची, म्हणजे लोक त्यांना लांबूनच टाळतील. आपल्याकडे २०२०च्या मार्चमध्ये घरी वेगळं राहायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला होता. हेतू काळजीचा होता. पण तो शिक्का घेऊन जगताना कसं वाटतं, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना विचारा. टीबीचा शिक्का शाईचा नसतो, म्हणून तो धुऊनही जात नाही. आणि तो एकट्यावर पडत नाही. बहिणीचं स्थळ मोडतं. भाऊ ‘त्या घरातला’ होतो. म्हणून सगळं घर मिळून आजार लपवतं. दूरच्या गावातल्या डॉक्टरकडे जातं, नाव वेगळं सांगतं, गोळ्यांचं पाकीट गव्हाच्या डब्यात दडवतं.

बाईच्या वाट्याला हे दुपटीनं येतं. पुण्याच्या संशोधकांनी ग्रामीण महाराष्ट्रात टीबी आणि स्त्री-पुरुष भेद यांवर वर्षानुवर्षं अभ्यास केले आहेत. लग्न न जुळण्याची, जुळलेलं मोडण्याची धास्ती आणि त्यापायी आजार लपवणं, हे धागे त्यांत वारंवार दिसतात. तुम्हाला त्यासाठी अभ्यास वाचायचीही गरज नाही. खोकणाऱ्या सुनेला ‘जरा माहेरी जाऊन ये’ म्हणून पाठवलेलं तुमच्या गल्लीत तुम्ही पाहिलं असेल. पुरुषाला टीबी झाला तर बायको त्याला अंडं उकडून देते. बायकोला झाला तर तिचं अंडं कोण उकडतं?

तुम्ही उकडा. सासूबाई, तुम्ही. भाऊराव, तुम्ही. तिला माहेरी धाडू नका. तिची गोळी चुकू देऊ नका. तिच्या ताटात आपल्याबरोबरच वाढा. तिला पहिले काही आठवडे तोंडावर रुमाल किंवा मास्क ठेवू द्या, खिडक्या उघड्या ठेवा, थुंकी झाकणाच्या डबीत टाकायला सांगा. एवढी काळजी पुरते. त्यापलीकडे जे काही कराल ती काळजी नसते, शिक्षा असते.

आणि घरात लेकरू असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला घरातल्या मोठ्या माणसाकडून टीबी झाला, तर तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. बोलकं, खेळकर पोर काही दिवसांत सुस्त होतं. हे टाळता येतं. घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला की बाकी सगळ्यांची तपासणी फुकट होते, आणि ज्यांना आजार झालेला नाही त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. पण त्यासाठी आशाताईंना तुमच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यावं लागेल. त्या आल्या की शेजाऱ्यांना कळेल म्हणून दार लोटून घेऊ नका. शेजारी असाल, तर त्या कुठल्या दारात शिरल्या हे बघत उभे राहू नका.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात पुनर्वसनाच्या इमारती आहेत. एकमेकींना इतक्या चिकटून, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे घरात ऊन आणि वारा कमी, तिथे टीबी जास्त, असं त्यात आढळलं. तिथल्या तरुणाला टीबी झाला, तर त्यानं काय पाप केलं? त्याला फक्त खिडकी मिळाली नाही. लाज वाटायचीच असेल, तर ती दोन इमारतींमधलं अंतर आखणाऱ्यांना वाटू द्या.

मघाशी ज्या फोनला नावं ठेवली, तोच फोन चांगल्या कामालाही येतो, तेही ऐका. आपल्या देशात टीबीच्या गोळ्यांसाठी एक साधी युक्ती वापरली गेली. पाकिटातून गोळी दाबून बाहेर काढली की मागे लपवलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, पैसे लागत नाहीत. आरोग्य केंद्राला कळतं की आजची गोळी घेतली. रोज दवाखान्यात जाऊन कुणासमोर गोळी गिळायची गरज नाही, रोजगार बुडत नाही, रांगेत ओळखीचं कुणी भेटत नाही. कल्पना सुंदर आहे. पण मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत तिचा अभ्यास झाला, तेव्हा फोन येणं आणि गोळी पोटात जाणं यांचा मेळ नेहमी बसत नाही, असं दिसलं. आणि का बसेल? रुग्ण बाई असेल तर फोन नवऱ्याच्या खिशात असतो. फोन धाकट्या दिराच्या हातात असतो. तिनं नंबर कुठून लावायचा? फोनला रुग्णाचं घर माहीत नसतं. ते घर तुम्ही आहात.

म्हणून घरातला फोन तिला पाच मिनिटं द्या, आणि तिनं कुणाला लावला हे विचारू नका. आरोग्य केंद्रात, प्रयोगशाळेत, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्यांनो, तुम्हालाही हात जोडून सांगते. फोन लावलात तर पलीकडे कोण आहे याची खात्री झाल्याशिवाय टीबी हा शब्द उच्चारू नका. तो फोन सासऱ्यांनी उचललेला असू शकतो. रुग्णांची यादी ग्रुपवर टाकू नका. पोषण आहाराची टोपली देताना रुग्णाचा फोटो काढू नका. काढलाच असेल तर तो फिरवू नका. एक फोटो कुणाचं तरी लग्न मोडू शकतो. आणि ती धास्ती इतर दहा जणांना दवाखान्याच्या पायरीवरून परत पाठवू शकते. करोनाच्या काळात बाधितांची नावं, पत्ते मोबाइलवर कसे फिरत होते, ते आपण पाहिलंय. पुन्हा तसं होऊ देऊ नका.

कारण जो पायरीवरून परत जातो, त्याचा आजार तिथेच थांबत नाही. उपचार न मिळालेला फुप्फुसाच्या टीबीचा रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांपर्यंत लागण पोचवू शकतो. त्यातल्या सगळ्यांना आजार होत नाही, बहुतेकांच्या अंगात जंतू निपचित पडून राहतात. पण कुणाच्या अंगात जागे होतील, ते कुणाला माहीत? आणि जो सुरुवात करून मधेच सोडतो, त्याचं तर याहून वाईट होतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, गालावर लाली येते, माणसाला वाटतं झालं बरं. तो गोळ्या सोडतो. आत उरलेले जंतू औषधाला सरावतात. मग तोच आजार परत येतो, आणि जुन्या गोळ्यांना जुमानत नाही. २०१२च्या जानेवारीत मुंबईतल्या डॉक्टरांनी सांगितलं, की काही रुग्णांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नाहीत. ती बातमी जगभर गेली. ते रुग्ण आपल्याच लोकलमधून प्रवास करणारे होते.

त्यानंतर नवी औषधं आली आहेत. अशा हट्टी टीबीवरही आता अनेकांसाठी सहा महिन्यांचा उपचार उपलब्ध होतो आहे. पण तिथवर जाऊच देऊ नका. सहा महिन्यांच्या गोळ्यांत शेवटचे चार महिने घरच्यांचे असतात. पहिले दोन महिने आजार आठवण करून देतो. नंतर तुम्ही करून द्या. कॅलेंडरवर रोज फुली मारा. गोळी घेतलीस का, असं दटावू नका. गोळी आणि पाणी समोर नेऊन ठेवा.

मला आनंदीबाई जोशी फार आठवतात. मार्च १८८६मध्ये पेनसिल्व्हेनियात त्या डॉक्टर झाल्या, मग मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं या आजाराचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. शत्रू दिसला होता, हत्यार नव्हतं. त्यांच्याही आधी थेऊरला सत्तावीस वर्षांचे माधवराव पेशवे याच आजारानं गेले. पेशवाईची सगळी दौलत आणि वैद्य हाताशी असून काही करता आलं नाही. आपल्या मराठी मनात क्षय म्हणजे मरण, हे त्या दुःखांतून मुरलंय. मी त्या भीतीला हसत नाही, ती खरी होती. पण आनंदीबाईंना जे मिळालं नाही, ते आज तालुक्याच्या दवाखान्यात एका पाकिटात मिळतं. ते घ्यायला लाजू नका. त्यांनी ते धावत जाऊन घेतलं असतं.

आता काय करायचं ते सांगते.

दोन आठवड्यांहून जुना खोकला असलेल्या माणसाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात न्या. केसपेपर काढा. थुंकीची डबी तिथेच मिळते. सकाळी उठल्या उठल्या छातीतून खोकून काढलेला बेडका द्या, नुसती लाळ नको. यंत्रावरची तपासणी काही तासांत होते. त्यातलं एक यंत्र, ट्रूनॅट, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलंय. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे लहान केंद्रांतही ठेवता येतं. गरज पडली तर छातीचा फोटो काढतात. मधुमेह असेल तर आवर्जून सांगा, मधुमेहींना टीबीचा धोका दोन-तीन पट असतो. टीबी निघाला तर औषध फुकट, आणि चांगलं खाण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. कुणाला विचारायला संकोच वाटत असेल तर १८००-११-६६६६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत.

टीबी नाही निघाला तर उत्तम. एक सकाळ गेली, एवढंच.

तुम्ही भली माणसं आहात. शेजारच्या घरात रात्री कुणाला उचकी लागली तरी पाण्याचा तांब्या घेऊन धावणारी माणसं आहात. मग या खोकल्यापाशीच का अडता? हाक मारा. आज रात्री जेवताना त्याच्याकडे, तिच्याकडे बघा. किती दिवस झाले ते विचारा. दोन आठवडे झाले असतील, तर उद्याचं काम एक दिवस बाजूला ठेवा. त्यांना एकटं पाठवू नका. एकटा माणूस दवाखान्याच्या फाटकापासून परत येतो. तुम्ही बरोबर जा.